गायतोंडे यांच्या चित्राला कोट्यवधी रुपये: पैसे नेमके कशाचे मोजले जातात?

प्रश्न: गिरगाववासी

वासुदेव गायतोंडे यांचे एक शीर्षकहीन चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात झालेल्या ख्रिस्तीजच्या लिलावात २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. दोन वर्षांनी त्यांचेच दुसरे चित्र २९.३ कोटींना गेले, मार्च २०२१ मध्ये १९६१ सालच्या एका चित्राला ३९.९८ कोटी मिळाले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात १९७० सालच्या चित्राने ६७.०८ कोटींचा आकडा गाठला. ही चारही चित्रे वेगवेगळी आहेत आणि मधल्या काळात रुपयाची किंमतही घसरली आहे, हे मला मान्य आहे. तरीही चित्रकार २००१ सालीच निवर्तले. त्यानंतर त्यांनी नवे काही केले नाही आणि जुन्या कॅनव्हासवर रंगाचा एक थेंबही वाढला नाही. मग या वर्षांत वाढले ते काय?

या प्रश्नाला नेहमी मिळणारी दोन उत्तरे मला ठाऊक आहेत. पहिले असे की हा सगळा श्रीमंतांचा खेळ असून काळ्याचे पांढरे करण्याचा मार्ग आहे. दुसरे असे की ज्याला अमूर्त चित्र कळत नाही त्याने किमतीबद्दल बोलू नये. दोन्ही उत्तरांनी चर्चा तिथेच संपते. मला गायतोंडे यांची चित्रे आवडतात. ती समोर उभे राहून पाहिली आहेत आणि छापील प्रतीत ती निम्मीसुद्धा उतरत नाहीत असे माझे मत आहे. परंतु मला चित्रातून जे मिळाले ते २०१३ च्या आधीही तेवढेच मिळत होते. तेव्हा चित्राचे मूल्य आणि चित्राची किंमत यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, आणि असल्यास तो कोणत्या बाजूने चालतो, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

प्रतिसाद १: हिशेबनीस

मी काही वर्षे एका कलादालनात हिशेबाचे काम केले आहे, त्यामुळे चित्राबद्दल नव्हे, तर आकड्याबद्दल बोलतो.

लिलावातील किंमत कशी ठरते ते आधी पाहू. लिलावगृह कॅटलॉगमध्ये खालचा आणि वरचा असा एक अंदाज छापते; विकणाऱ्याबरोबर एक राखीव किंमत ठरलेली असते, जिच्याखाली चित्र विकले जात नाही आणि जी सहसा जाहीर केली जात नाही. त्यानंतर बोली सुरू होते. इथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की अंतिम आकडा जिंकणाऱ्याच्या इच्छेचे माप दाखवतच नाही. जिंकणारा कदाचित आणखी वीस कोटी द्यायला तयार असेल, पण दुसऱ्या क्रमांकाचा माणूस जिथे थांबला त्याच्या एक पायरी वर हातोडा पडतो. म्हणजे आपण वर्तमानपत्रात वाचतो तो आकडा मुळात हरलेल्या माणसाने ठरवलेला असतो. त्या संध्याकाळी तो दुसरा माणूस आजारी पडला असता, तर तेच चित्र निम्म्या किमतीत गेले असते आणि आपण त्यावर चर्चाही केली नसती. बातमीतल्या आकड्यात खरेदीदाराकडून घेतले जाणारे लिलावगृहाचे कमिशनही बहुधा मिळवलेले असते, त्यामुळे विकणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम त्याहून बरीच कमी असते.

आता गायतोंडे यांच्याकडे येऊ. २०१३ च्या त्या चित्राला वरच्या अंदाजाच्याही जवळपास तिप्पट रक्कम मिळाली. याची कारणे चित्राच्या चौकटीबाहेर शोधावी लागतात. गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पूर्ण करीत. १९८४ च्या अपघातानंतर कित्येक वर्षे त्यांनी मोठे चित्र केलेच नाही. जे आहे त्यातील चांगला भाग संग्रहालयांत आणि संस्थांत आहे आणि तो बाजारात परत येण्याची शक्यता जवळपास नाही. त्यामुळे मोठ्या आकाराचे, उत्तम स्थितीतील आणि मालकीचा इतिहास स्वच्छ असलेले चित्र विक्रीला निघणे ही क्वचित घडणारी गोष्ट आहे. दुसरीकडे, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भारतात आणि परदेशस्थ भारतीयांत अशी रक्कम मोजू शकणाऱ्यांची संख्या वाढली. ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात गायतोंडे यांचे मोठे प्रदर्शन सुरू झाले, म्हणजे परदेशातील एका प्रतिष्ठित संस्थेने त्यांच्यावर शिक्कामोर्तब केले. ज्यांना चित्र कळत नाही पण पैसे गुंतवायचे आहेत, त्यांना असा शिक्का फार उपयोगी पडतो.

आपण विचारले की वाढले ते काय. माझे उत्तर असे की मोजक्या वस्तूंमागे धावणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांची भीती कमी झाली. किंमत या दोन गोष्टी सांगते. तिसरी गोष्ट तिच्याकडून वदवून घेऊ नये.

प्रतिसाद २: ओलाकॅनव्हास

हिशेबनीस यांचे विवेचन आवडले, पण त्यातून असा समज होऊ शकतो की दुर्मीळ असले की झाले. वर्षाला पाच चित्रे करणारे चित्रकार महाराष्ट्रात शेकड्याने सापडतील, आणि त्यांच्यामागे कोणी धावत नाही. दुर्मिळतेला किंमत येते ती आधी कोणीतरी त्या वस्तूला मोलाची ठरवलेले असते म्हणून. ते कोणी ठरवले, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर लिलावाच्या दालनात नाही.

गायतोंडे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले. पन्नाशीच्या दशकात मुंबईत ज्या चित्रकारांची त्यांच्याशी ऊठबस होती, म्हणजे कलावंतांना कामाला जागा देणाऱ्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधली मंडळी, त्यांनी त्यांना फार लवकर ओळखले होते. हुसेन, रझा, आरा यांच्या प्रोग्रेसिव्ह या चित्रकारांच्या गटाने त्यांना बोलावून घेतले, १९६४ मध्ये रॉकफेलर अनुदानावर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या सगळ्या काळात चित्रांची विक्री बेताची होती. उत्तरायुष्य त्यांनी दिल्लीत, निजामुद्दीन भागातल्या एका खोलीच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या घरात, काढले. म्हणजे मूल्य ठरून गेले होते आणि किंमत यायला आणखी तीस-चाळीस वर्षे लागली. ज्यांनी ते ठरवले, त्या सहकारी चित्रकारांना, समीक्षकांना आणि तोट्यात चालणाऱ्या कलादालनांच्या मालकांना त्या कामाचे वेगळे पैसे कोणी दिले नाहीत. आजचा खरेदीदार त्या पिढीच्या नजरेचा निकाल विकत घेतो.

आता चित्रात काय आहे, याबद्दल थोडे लिहितो, कारण अशा चर्चांत नेमके तेच राहून जाते. गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणे टाळत; वस्तूचा आकार काढून टाकून उरलेले चित्र अशी त्यांची भूमिका नव्हती, मुळात वस्तूपासून सुरुवातच नव्हती. ते बराच काळ नुसते बसून विचार करीत आणि प्रत्यक्ष काम मग रोलरने आणि पॅलेट नाइफने चाले. रंगाचा थर लावायचा, तो काही ठिकाणी उचलून घ्यायचा, त्यावर दुसरा पातळ थर द्यायचा, कागदाचे तुकडे वापरून आकार उमटवायचे. या पद्धतीत हाताचा फटकारा दिसत नाही, आणि तरीही पृष्ठभागावरील प्रत्येक डाग जागच्या जागी आहे असे वाटत राहते. मी विद्यार्थ्यांना रोलरने असे दोन थर देऊन पाहायला सांगतो. खालचा रंग वरच्यातून झिरपल्यासारखा दिसला पाहिजे आणि तरी चिखल होता कामा नये, एवढेच उद्दिष्ट असते. बहुतेकांचा चिखल होतो. त्यानंतर ते गायतोंडे यांच्या चित्रासमोर वेगळ्या प्रकारे उभे राहतात, आणि मला वाटते की मूल्य म्हणतात ते हेच: पुढच्या माणसाच्या कामात आणि पाहण्यात पडणारा फरक.

परंतु किंमत या मूल्याच्या प्रमाणात असते, असे मात्र मी म्हणणार नाही. शंकर पळशीकर यांनी जे. जे. मध्ये विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या घडवल्या आणि स्वतः विलक्षण चित्रे केली. कोटींच्या बातम्यांत त्यांचे नाव क्वचितच दिसते. गायतोंडे त्यांच्यापेक्षा मोठे की नाही यावर वाद घालता येईल, पण किमतीत जेवढे अंतर आहे तेवढे अंतर दोघांच्या चित्रांत आहे, असे कोणताही चित्रकार म्हणणार नाही. बाजाराला नावे थोडी लागतात. दहा नावे लक्षात ठेवून त्यांच्यावर पैसे लावणे सोपे असते. अकराव्याचे काय होते ते विचारू नये.

प्रतिसाद ३: कलम त्रेपन्न

वरील दोन्ही प्रतिसादांत कायद्याचा उल्लेख आला नाही, म्हणून लिहितो. किंमत बाजार ठरवतो हे खरे, पण बाजाराचे कुंपण कायदा घालतो.

पुरावस्तू आणि कलानिधी यांच्याविषयीचा १९७२ चा कायदा आहे. त्याखाली राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ हे तीन टागोर, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक या नऊ जणांच्या कृती राष्ट्रीय कलानिधी ठरवल्या आहेत. त्या देशात विकता येतात, पण विक्रीसाठी देशाबाहेर नेता येत नाहीत. शेरगिल यांचे ‘द स्टोरी टेलर’ सप्टेंबर २०२३ मध्ये ६१.८ कोटींना गेले, रविवर्मा यांच्या यशोदा-कृष्णाच्या चित्राला त्याच वर्षी मुंबईत ३८ कोटी मिळाले. हे आकडे देशातल्या देशात पोचलेल्या बोलीचे आहेत. गायतोंडे, हुसेन, तय्यब मेहता या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांच्या चित्रांसाठी न्यूयॉर्क, लंडन आणि मुंबई येथील माणसे एकमेकांसमोर बोली लावू शकतात. हुसेन यांच्या १९५४ च्या ‘ग्रामयात्रा’ या चित्राला मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर, म्हणजे ११८ कोटींच्या आसपास रक्कम मिळाली. शेरगिल यांचे चित्र हुसेन यांच्या चित्राच्या निम्म्या योग्यतेचे आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. दोन्ही बाजारांची दारेच वेगवेगळी आहेत.

दुसरा मुद्दा फरकाच्या रकमेचा. चित्रकाराने पाच हजारांना विकलेले चित्र पुढे पाच कोटींना गेले, तर मधली रक्कम कोणाची? तय्यब मेहता यांच्या हयातीत, २००२ मध्ये, त्यांच्या ‘सेलिब्रेशन’ला सुमारे दीड कोटी रुपये मिळाले आणि २००५ मध्ये ‘महिषासुर’ दहा लाख डॉलरच्या पुढे गेले. विकणारा तिसराच होता. चित्रकाराला मिळाली ती प्रसिद्धी. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५३-अ हे कलम १९९४ च्या दुरुस्तीने आले. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत हिस्सा मागण्याचा अधिकार हे कलम देते आणि तो हिस्सा दहा टक्क्यांहून अधिक असू नये असेही सांगते. कागदावर ही तरतूद उदार आहे. व्यवहारात ती जवळजवळ निजलेली आहे, कारण हिस्सा आपोआप कापला जात नाही, तो मागावा आणि ठरवून घ्यावा लागतो. आणि ज्या खासगी विक्रीची नोंदच कुठे होत नाही, तिच्याबद्दल मागणी करणार तरी कशी? फ्रान्समध्ये असा अधिकार १९२० पासून आहे आणि तेथे तो वसूल करणाऱ्या संस्था आहेत. ओलाकॅनव्हास यांनी ज्यांना काहीच मिळाले नाही म्हटले, त्यांच्यासाठी नसले तरी निदान चित्रकाराच्या कुटुंबासाठी दार उघडे आहे. ते ठोठावले जात नाही.

प्रतिसाद ४: पंचगंगाकाठ

चित्रांबद्दल मला फारसे सांगता येणार नाही, पण चैनीच्या वस्तूंची किंमत आणि चित्राची किंमत या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात, त्याबद्दल आक्षेप आहे.

चित्राची मोठी किंमत पुनर्विक्रीत उगवते आणि बनवणाऱ्याच्या हातात ती नसते. चैनीच्या वस्तूची किंमत बनवणारी कंपनी पहिल्याच दिवशी लिहिते आणि नंतर ती जपण्यासाठी झटते. बर्बरी या ब्रिटिश कंपनीने एका आर्थिक वर्षात २.८६ कोटी पौंडांचा न विकलेला माल नष्ट केल्याचे २०१८ मध्ये उघड झाले, कारण तो स्वस्तात विकला असता तर पुढच्या मालाची किंमत टिकली नसती. ओरड झाल्यावर कंपनीने ही प्रथा थांबवली. उत्तम कापडाचा, वापरता येण्याजोगा कोट जाळणे शहाणपणाचे ठरते, तेव्हा किंमत आणि उपयोग यांची फारकत पूर्ण झालेली असते.

आमच्या भागातील उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला दिसल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले गेले नाही. गदारोळ झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले आणि वर्षअखेरीस महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार करून दोन हजार जोड येथे बनवून घेण्याचे व सुमारे ८०० युरोंना विकण्याचे जाहीर केले. कोल्हापूरच्या चप्पल लाईन या बाजारात बऱ्यापैकी जोड हजार-दीड हजारात मिळतो. चामडे हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेले, वेणी हाताने घातलेली, शिलाई चामड्याच्या वादीने केलेली. वस्तूच्या अंगाने पाहिले तर पन्नास-साठ पटींचे अंतर कुठेही बसत नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्यात महाराष्ट्राचे चार व कर्नाटकाचे चार जिल्हे येतात. पण हे मानांकन नावाचे रक्षण करते, घाटाचे नाही. नाव न वापरता घाट उचलला तर कायदा फारसे काही करू शकत नाही.

गायतोंडे यांच्या बाबतीत निदान एवढे तरी झाले की ज्याने काम केले त्याचेच नाव किमतीला चिकटले. आमच्या कारागिराने घातलेल्या वेणीवर त्याचे नाव कधीच नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांत हे काम झाले, त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले आणि त्यांच्या हातचे पायताण मात्र मिरवले. तेव्हा परदेशी कंपनीने किंमत पन्नास पट लावली याचा राग येण्याआधी आपण ती एवढी कमी का लावत आलो, याचा हिशेब व्हायला हवा. दोनशे रुपये कमी करून मागणारे गिऱ्हाईक आपणच असतो.

गिरगाववासी

सर्वांचे आभार. पंचगंगाकाठ यांचा शेवटचा परिच्छेद विशेष पटला. कलम ५३-अ मला अजिबात माहीत नव्हते.

एक शंका उरते. ओलाकॅनव्हास म्हणतात की मूल्य आधी आणि किंमत नंतर. ते पटले. पण एकदा किंमत आली की ती उलट मूल्यावर परिणाम करते का? मला तरी आता गायतोंडे यांचे चित्र पाहताना ६७ कोटी विसरता येत नाहीत. शिवाय उद्या हा बाजार कोसळला तर ज्यांनी ‘शिक्का’ पाहून खरेदी केली ते चित्राकडे वळून तरी पाहतील का?

हिशेबनीस

शेवटच्या शंकेला इतिहास आहे. २००३ ते २००८ या काळात भारतीय चित्रांचे भाव असेच वर चढले होते, त्यावर निधीही निघाले आणि लोक चित्रे न पाहताच त्यांचे हिस्से घेऊ लागले. २००८ च्या सुरुवातीलाच सेबीला, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेला, बजावून सांगावे लागले की असे निधी सामूहिक गुंतवणूक योजना ठरतात आणि त्यांना नोंदणी आवश्यक आहे. त्याच वर्षी जगभर मंदी आली आणि भाव पडले. त्या वेळी फटका सर्वांत जास्त बसला तो तरुण समकालीन चित्रकारांना, ज्यांच्या मागे समीक्षेचा आणि संग्रहालयांचा आधार तयार झालेला नव्हता. गायतोंडे, तय्यब, रझा यांचे भाव पुन्हा सावरले. ओलाकॅनव्हास यांच्या म्हणण्याला बाजाराकडून मिळालेली ही पुष्टी आहे, असे मी मानतो, जरी ते स्वतः बाजाराची साक्ष काढणार नाहीत.

किमतीचा मूल्यावर होणारा परिणाम मी कागदपत्रांत पाहिला आहे. चित्र महाग झाले की विमा महाग होतो, मग मालक ते प्रदर्शनाला द्यायला कचरतो, सार्वजनिक संग्रहालयाची खरेदीची तरतूद त्याच्या आसपासही पोचत नाही आणि चित्र तापमान सांभाळलेल्या गोदामात जाते. शिवाय नकला वाढतात. त्यामुळे अस्सल चित्रालाही आधी कागद दाखवावे लागतात आणि पाहणाऱ्याची नजर चित्राऐवजी मागच्या शिक्क्यांवर जाते.

ओलाकॅनव्हास

याच्या उलट उदाहरण मुंबईतच आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा यांनी इमारतीच्या खर्चातील एक टक्का चित्रांसाठी वापरण्याची परवानगी नेहरूंकडून मिळवली आणि गायतोंडे, हुसेन, तय्यब, आरा अशा तेव्हा स्वस्तात मिळणाऱ्या चित्रकारांची चित्रे घेतली. हुसेन यांचे मोठे भित्तिचित्रही तिथलेच. तो संग्रह विक्रीसाठी नाही, त्यामुळे त्याला आज किती कोटी येतील हा प्रश्न तेथे कामाला येणाऱ्या गणितज्ञाला पडण्याचे कारण नाही. तो चहाला जाताना गायतोंडे यांच्या चित्रासमोरून जातो. संस्थेत प्रवेश सुरक्षेमुळे सहज मिळत नाही, आधी परवानगी घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहाची प्रदर्शने पाहावीत. त्या संग्रहात गायतोंडे आहेत, मात्र प्रदर्शने बदलत असल्याने जाण्यापूर्वी फोन करून विचारलेले बरे. आणि शक्य असेल तर तिरप्या उजेडात, थोडे बाजूने पाहावे, म्हणजे थर दिसतात.